कट्यारीच्या जागी पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर पाट मांडून मी दरवर्षीसारखं सगळं धुऊनपुसून ठेवलं होतं. विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचे पाने. भाऊजी अंघोळ करून आले आणि त्या सगळ्याच्या मधोमध ते काळं कुळकुळीत पिस्तूल ठेवलं.

"वहिनी, ह्यालाबी हळदीकुंकू लावा."

"विळ्यानं गवत कापतेत, कोयत्यानं ऊस तोडतेत," मी म्हणाले. "ह्यानं काय करायचं?"

भाऊजी हसले. "ह्यानं काही करायचं नसतंय वहिनी. ते नुसतं असायचं असतंय."

लावलं मी हळदीकुंकू. सणाच्या दिवशी कुठं तोंड वाजवत बसायचं? पण बोट त्याला लागलं तेव्हा ते गार लागलं, आणि ते बोट मी नंतर दोनदा धुतलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव, दोघा भावांची शेती एकत्र, चूल एक. माझा नवरा शेती बघतो, मी गावात अंगणवाडी चालवते, जाऊबाई घर सांभाळते. भाऊजी राजकारण करतात. आमच्याकडं राजकारण करणाऱ्या माणसाला आधी पांढरे कपडे लागतात, मग पांढरी गाडी, आणि गाडी आली की कमरेला काहीतरी लागतं. ते नसलं तर गाडीत मागं बसावं लागतं म्हणे.

परवान्यासाठी कारण दिलं होतं, जिवाला धोका आहे. वो माय! गावातलं कुत्रंसुद्धा ज्यांच्यावर भुंकत नव्हतं, त्यांना कसला धोका? मी नवऱ्याला विचारलंही. तो म्हणाला, "तसं लिहावंच लागतंय." म्हणजे धोका नव्हता, रीत होती.

पोलीस चौकशीला आले तेव्हा ओसरीवर सरपंच होते, पोलीस पाटील होते, शेजारचे दोन कारभारी होते. चहा मी केला. बिस्किटं जाऊबाईनं बशीत लावली. पडद्याआड आम्हाला सगळं ऐकू येत होतं. माणूस कसा आहे? लई चांगला. राग येतो का? अजिबात न्हाई. दारू? राम राम, नावसुद्धा काढू नका. जाऊबाईनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडात धरला. मला वाटलं हसली. मग दिसलं, हसली नव्हती.

ज्या घरात ते येणार, ज्या उशीखाली ते झोपणार, त्या उशीवर डोकं ठेवणाऱ्या बाईला कोणी एक शब्द विचारला नाही. मी अंगणवाडीत लेकराला लस टोचून घ्यायची तरी आधी त्याच्या आईला विचारते. नाही म्हणाली तर चार वेळा तिच्या दारात जाते, समजावते, तिचं ऐकते. आणि इथं मरणाचं यंत्र घरात येतंय तर आतल्या बाईचं काम काय, तर चहात साखर किती टाकू एवढं विचारायचं. ह्याचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

मग ते घरात राहायला लागलं. कधी फ्रिजवर, औषधाच्या डब्याजवळ. कधी टीव्हीशेजारी. अंथरूण घालताना जाऊबाई ते टॉवेलच्या टोकानं उचलून बाजूला ठेवायची, मेलेला उंदीर उचलतात तसं. मी भाऊजींना म्हणाले, कुलपात ठेवा. ते म्हणाले, "कुलपात ठेवून वेळेला काय उपेग?" ती वेळ कोणती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा जेवताना भाजीत मीठ कमी पडलं. भाऊजी काही बोलले नाहीत. पहिला घास खाल्ला, कमरेचं पिस्तूल काढलं, ताटाशेजारी ठेवलं आणि जेवत राहिले. एवढंच झालं. शिवी नाही, आवाज नाही. जड होत असेल म्हणून काढलं, असं माझा नवरा नंतर म्हणाला. असेलही. पण त्या दिवसापासून जाऊबाई भाजी चाखायला लागली. आमच्यात नैवेद्याआधी स्वयंपाक उष्टा करत नाहीत. वासावरून, अंदाजानं करायचं, चुकलं तर चुकलं. ती मात्र चुलीकडं तोंड करून, पाठ आमच्याकडं करून, तळहातावर थेंब घ्यायची आणि चाटायची. देवाच्या आधी ती चाखायची. मी बघायचे आणि बघितलं नाही असं करायचे, कारण तिला लाज वाटत होती.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. तेवढे दिवस आमचं घर मोकळं व्हायचं. जाऊबाई गुणगुणायची, पोरं मोठ्यानं बोलायची, भाऊजीसुद्धा जरा बरे वागायचे. एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "आक्का, पुन्हा निवडणूक कधी हाय ओ?" मी पोट धरून हसले. नंतर मनात आलं, म्हणजे सरकारला कळतंय की हे घरात असलं की माणूस बिघडतो. मतदानाच्या वेळी कळतंय. मग बाकीच्या दिवसांत आमचं काय?

आता माझ्या लेकाच्या लग्नाचं सांगते.

लेक नेकनूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवत होता. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या, तो त्यातली तांब्याची तार काढायचा, नवी भरायचा. लई नाजूक काम. त्याची बोटं अशी चालायची की बघत राहावं. त्याच्या पाठची माझी मुलगी, कॉलेजला जाणारी, तीच करवली.

आमच्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. टोकाला लिंबू खोचायचं, म्हणजे बाहेरचं काही लागत नाही. अंगावर हळद असेतोवर ती कट्यार सोडायची नाही. आमच्या घरची कट्यार खुंटीला असते, लाल फडक्यात. मी ती काढून, घासून ठेवली होती. भाऊजींनी ती बघितली आणि म्हणाले, "ह्या गंजक्या सुरीनं काय होतंय? माझा पुतण्या हाय तो. त्याच्या हातात खरं हत्यार पाहिजे." आणि त्यांनी कमरेचं पिस्तूल काढलं, लिंबाला चीर दिली, लिंबू नळीच्या टोकाला खोचलं आणि लेकाच्या हातात दिलं.

मांडवात हशा पिकला. पोरांनी मोबाईल काढले. लेकही हसला, लाजला. मी पुढं झाले. "भाऊजी, हे काय चालवलंय? शोभतंय का?"

"कावून चिडता वहिनी? रिकामं हाय ते." त्यांनी खिशातून गोळ्यांचं मॅगझिन काढून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा, काढून ठेवलंय. आता ते खेळणं हाय."

"खेळणं असलं तर लेकरांकडं द्या, नवरदेवाकडं कट्यार द्या."

"आगं, गप की," माझा नवरा मागून म्हणाला. "लग्नघर हाय." भाऊजींनी कट्यार पुन्हा लाल फडक्यात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं खुंटीला लावली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात. घोडा, हलगी, मागं करवली, तिच्यामागं आम्ही बायका. देवळाच्या पायरीशी नवरदेव उतरतो. हत्यार हातात घेऊन देवापुढं वाकायचं नाही, म्हणून तो कट्यार करवलीकडं देतो, दर्शन घेतो आणि मग परत घेतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच.

आणि धारेची वस्तू द्यायची कशी, हे आमच्याकडं लेकरू चालायला लागलं की शिकवतात. अर्धं गाव ऊसतोडीला जातं, घरोघरी कोयते. पातं आपल्या हातात धरायचं, मूठ समोरच्याकडं करायची. लागलं तर आपल्याला लागावं, दुसऱ्याला नाही. मीच शिकवलं दोघांना, ह्याच हातांनी, विळा देता देता. चांगली शिकवण आहे ती. अजूनही चांगलीच आहे.

माझ्या लेकानं तसंच केलं. पिस्तुलाचं लिंबू लावलेलं तोंड स्वतःच्या तळहातात धरलं आणि मूठ बहिणीकडं केली. तिनं कट्यारीची मूठ घ्यावी तशी ती चारही बोटांनी घट्ट धरली, पडू नये म्हणून.

आवाज झाला तेव्हा बायकांना वाटलं फटाका. हलगी चालूच होती. मी लेकाकडं बघितलं. तो स्वतःच्या हाताकडं बघत होता. हळदीनं पिवळा झालेला हात, आणि मधून लाल, आणि लिंबाच्या फोडी अंगरख्यावर उडालेल्या. मॅगझिन भाऊजींच्या खिशात होतं. एक गोळी आत नळीशी राहिली होती, आणि मूठ धरताना लेकीचं एक बोट चापावर पडलं होतं. मॅगझिन काढलं की ते रिकामं होत नसतं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. परवाना होता, फोटोतला रुबाब होता, एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती. आणि ती माहीत आहे का, हे नीट तपासून बघावं असं परवाना देणाऱ्या कोणाला वाटलं नव्हतं.

गोळी तळहातातून आरपार जाऊन, त्याच्या बगलेजवळून देवळाच्या चौकटीत घुसली. मुलगी ओरडली नाही. पिस्तूल तसंच दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि म्हणत राहिली, "दादा, मूठ धरली रे मी, मूठच धरली."

लेकाला वऱ्हाडाच्याच जीपमधून बीडला नेलं. हात वाचला म्हणतात, तो फक्त दिसायला. मधली दोन बोटं वळत नाहीत आणि अंगठा थरथरतो. दुकान अजून आहे, पण तार आता कामाला ठेवलेला माणूस भरतो आणि माझा लेक शेजारी खुर्ची टाकून बसतो. सून चांगली निघाली. तिच्या माहेरच्यांनी मोडा म्हटलं तर ती म्हणाली, हातावर लग्न ठरलं नव्हतं. उशिरानं, मांडवाशिवाय, लग्न लागलं. नवरदेवाच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं, बँडेज होतं.

पण गोष्ट तिथं थांबली असती तर मी हे लिहायला बसले नसते.

लेक दवाखान्यात असतानाच भाऊजींनी घरी सगळ्यांना बसवलं. पोलिसांना जबाब द्यायचा होता. ते शांत आवाजात म्हणाले, "पोरीनं कपाटातून काढलं म्हणायचं. मला ठाऊक न्हवतं म्हणायचं. पोरगी अल्लड हाय, खेळता खेळता झालं. पोरीला काय बी होत न्हाई. माझा मात्र परवाना जाईल, आणि परवाना गेला की इज्जत गेली."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"भावाचं रक्त पोरीच्या कपाळी लावता आणि तुमचा परवाना सोवळ्यात ठेवता व्हय?" मी म्हणाले. मी ओरडले असणार, कारण शेजारची बाई दारात आली. "कपाट कुठलं? कुलूप कुठलं? फ्रिजवर पडलेलं असायचं ते! गावानं बघितलंय तुमी स्वतःच्या हातानं दिल्यालं."

"गाव माझ्या इरोधात बोलत न्हाई," भाऊजी म्हणाले. खरं होतं ते. ज्या पोरांनी मोबाईलवर काढलं होतं, त्यांच्या मोबाईलमध्ये आता काही नव्हतं.

मग मुलगी बोलली. इतक्या वेळात पहिल्यांदा. "आई, असू दे. दाबलं तर मीच की."

भाऊजी खोटं बोलत होते, त्याचा राग होता. पण तिला ते खरं वाटत होतं, त्याला मी काय करू?

मी ठाण्यात जाऊन झालं तसं सांगितलं. लेकानं दवाखान्यात पडून तेच सांगितलं, "काकांनी दिलं." नवऱ्यानं सांगितलं की तो मागं होता, त्याला दिसलं नाही. गुन्हा नोंद झाला, तारखा पडत राहिल्या. पिस्तूल जप्त, परवाना निलंबित. गावानं मला नावं ठेवली, हिनं घर फोडलं. चूल वेगळी होईल असं सगळ्यांना वाटलं, पण विहीर एक, शेत एक, आणि नवऱ्याचा हट्ट. एकाच पंगतीत जेवत राहिलो, बोलणं तेवढं आटलं. देवळाच्या चौकटीतलं भोक पुजाऱ्यानं शेंदरानं बुजवलं. मुलगी त्या रस्त्यानं जात नाही. घरात कोणी तिला विळा, सुरी, अगदी पळीसुद्धा हातात द्यायला गेलं तर म्हणते, "खाली ठेवा, मी घेते." भावाच्या हातून तर चहाचा कपही घेत नाही.

आणि आता ह्या उन्हाळ्यात भाऊजींनी परवाना परत मिळावा म्हणून अर्ज केला. निवडणुका येतायत, जिवाला धोका आहे. पुन्हा चौकशी आली. पुन्हा ओसरीवर तेच लोक, सरपंच बदललेले तेवढे. जमादार वयस्क होते, बोलायला मऊ. आत मुलगी शेंगा निवडत बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"चूक मुलीची होती, असं सगळ्यांचं म्हणणं दिसतंय," जमादार म्हणाले. माना डोलल्या. म्हणजे पोरीची चूक पक्की झाली की पिस्तूल घरी येणार होतं. तिच्या डोक्यावर पाय देऊन येणार होतं.

मी चहाचं आधण खाली उतरवलं. खुंटीवरची कट्यार काढली, फडकं सोडलं आणि बाहेर गेले. सगळे चपापले. पातं माझ्या हातात धरलं, टोक माझ्या पोटाकडं, मूठ जमादारांकडं केली आणि म्हणाले, "साहेब, जरा धरा ही."

त्यांनी धरली. विचार न करता, चारही बोटांनी, घट्ट.

"कावून धरली तशी?" मी विचारलं. "तुमाला कुणी सांगितलं, अशी धरा म्हणून?"

त्यांनी मुठीवरची बोटं सैल केली.

"माझ्या लेकीनं हेच केलं. आता ही कट्यार नसून पिस्तूल असतं, तर मी कुठं असते? आणि चूक कुणाची असती, तुमची?"

"वहिनी, आत जा," भाऊजी म्हणाले.

"न्हाई जात. साहेब, मागच्या वेळी तुमी लोकांनी सगळ्या गावाला इचारलं. ह्या घरात राहतो आमी. आमाला इचारा. माझी हरकत हाय."

जमादारांनी कट्यार हळूच पाटावर ठेवली. "ताई, तुमचं म्हणणं मी लिहून घेतो. पण घरातल्या बायांची संमती घ्यायची, असं मला कुणी कधी सांगितलेलं नाही. माणसाचं वर्तन गावाला विचारायचं, हीच पद्धत आहे."

"गावाला काय ठाऊक? गाव काय आमच्या फ्रिजवर झोपतंय? पद्धत न्हाई तर करा की. तुमच्यानं होत न्हाई तर तुमच्या वरच्यांना सांगा. कुलूप हाय का बघा, गोळी आत राहते हे ठाऊक हाय का बघा, धोका खराच हाय का बघा. दर साली येऊन बघा. आणि आधी आतल्या बाईला एकटीला बसवून इचारा, तिच्या नवऱ्याच्या समोर न्हाई."

तेवढ्यात माझ्या मागं बांगड्या वाजल्या. जाऊबाई उंबऱ्यात उभी होती. इतक्या वर्षांत परक्या माणसांपुढं तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मलाबी इचारा," ती म्हणाली.

जमादारांनी मान वर केली. "काय सांगायचंय ताई?"

"मी रोज देवाच्या आधी भाजी चाखते. कावून चाखते, ते लिवा." एवढं बोलून ती आत गेली. भाऊजींना त्याचा अर्थ कळला का, मला सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा उतरला एवढं खरं. जमादारांनी ते लिहून घेतलं.

निर्णय अजून व्हायचाय. वरून काय येईल ते येईल. मोठ्या लोकांचे फोन होतात, कागद फिरतात, माझ्यासारखीच्या हरकतीला कोण भीक घालतं? अंगणात गाडीचा आवाज आला की मी अजून हातातलं टाकून दारात येते, घेऊन आले की काय.

पण त्याच संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. नेहमीसारखी पंगत बसली. मुलगी पाणी वाढत होती. भाऊजींनी पहिला घास खाल्ला आणि थांबले. त्यांचा उजवा हात आपोआप कमरेकडं गेला. तिथं शर्टाशिवाय काही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. माझ्या नवऱ्यानंही बघितलं, आणि ह्या वेळी जड होत असेल असं काही तो म्हणाला नाही.

"मीठ कमी हाय," भाऊजी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते तोंडानं सांगितलं.

जाऊबाईनं आज चाखलं नव्हतं. तिनं मिठाची वाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली, जिथं तेव्हा त्यांनी पिस्तूल ठेवलं होतं तिथंच.

"मग घ्या की," ती म्हणाली.